ओव्हन एकशे दहावर होता

त्या एका आकड्यातून कोणाला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. मागाहून जो तो कानांवर हात ठेवतो.

धाकटीला मिळणार होतं पेपरावर पहिलं नाव. त्या नावाच्या जोरावर मोठ्या संशोधन संस्थेतली जागा, आणि त्या जागेबरोबर स्वतःची खोली. म्हणजे ताईच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर झोपणं आणि भाऊजींची मॅच संपेपर्यंत जांभया दाबत बसणं बंद. दादाला मिळणार होता बिनबोभाट मंजूर होणारा प्रबंध. मॅडमना मिळणार होती लॅबची अब्रू, आहे तशी, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडता. एवढ्या सगळ्यांचं भलं करणारा आकडा एकच होता: एकशे दहा. तो खोटा होता, एवढाच काय तो त्याच्यातला दोष.

धाकटी घरी ताईची धाकटी होतीच. रसायनशास्त्राच्या लॅबमध्येही सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिथेही तेच नाव चिकटलं. दादा मात्र कोणाचा दादा नव्हे. सगळ्यांच्या आधी आला आणि अजून गेला नाही, म्हणून दादा. मॅडम दोघांच्या गाईड. त्या वरच्या मजल्यावर बसत आणि खाली फारशा उतरत नसत; उतरल्या तर आधी जिन्यात खोकत. हा खोकला आजाराचा की समजूतदारपणाचा, यावर लॅबमध्ये दोन मतं होती.

लॅबमध्ये खिडकीशेजारी एक ओव्हन होता. जाड पत्र्याचा, वरच्या भोकातून थर्मामीटर खोचलेला, दार बंद करताना गुडघ्याने रेटावं लागणारा. जे काही नवीन तयार होई ते गाळून, धुऊन त्यात वाळायला जाई. आणि लॅबचा नियम असा, की सगळं एकशे दहा अंशांना वाळतं. लॅबमधून आजवर जेवढे पेपर निघाले त्या सगळ्यांच्या प्रायोगिक भागात, म्हणजे प्रयोग नेमका कसा केला हे जिथे लिहायचं असतं तिथे, शेवटची ओळ हीच: 'पदार्थ एकशे दहा अंश सेल्सिअसला वाळवला.' नवीन आलेल्याने ती ओळ आधी पाठ करायची, मग रसायनांना हात लावायचा.

आता खरं काय ते ऐका. त्या ओव्हनमध्ये दादाचा डबा गरम होत असे.

लॅबच्या सुरक्षेचं काम दादाकडे होतं. 'आत खाण्यापिण्याचे पदार्थ आणू नयेत' ही दारावरची पाटी त्यानेच लावली होती, चारही कोपऱ्यांना स्क्रू मारून. आणि खालच्या कप्प्यात डबाही त्यानेच लावला होता. पूर्वी कधी तरी एकशे दहाच्या आचेत डब्याचं झाकण वितळून जेवणावर पसरलं. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या ओव्हनचं बटण साठावर आणायचं, हा दादाचा नेम. जेवण झाल्यावर ते पुन्हा वर न्यायचं, हा मात्र त्याचा नेम नव्हता. त्यामुळे ओव्हन वर्षानुवर्षं साठावर आणि पेपर वर्षानुवर्षं एकशे दहावर, असे दोघे सुखाने नांदत होते.

"हा वास कसला रे?" एकदा मॅडमनी खाली येऊन विचारलं होतं. सगळ्या खोलीभर लसूण घमघमत होता.

"गंधकाचं एक संयुग आहे, मॅडम," दादा म्हणाला.

"बरं. पंखा लावत जा."

यात दादा खोटं बोलला नाही, हे कबूल करायला हवं. लसणात गंधक असतंच.

आणि बाकीच्यांचं त्यात बिघडत तरी काय होतं? लॅबमधले बहुतेक पदार्थ दगडासारखे टणक. साठावर ठेवा नाही तर दीडशेवर, त्यांना फरक नाही. उलट साठावर ते पुरते वाळत नसत, जरासा ओलावा आत राही, आणि तो ओलावाही तराजूवर इमानदारीत वजन भरत असे. तेवढं उत्पादन वाढीव दिसे. मॅडमच्या लॅबमधलं उत्पादन इतरांहून चांगलं निघतं, असं परिषदांमध्ये लोक कौतुकाने म्हणत. त्या कौतुकात पाणी किती, हे कोणी तोलून पाहिलं नव्हतं.

धाकटीचा पदार्थ मात्र दगड नव्हता. हळदीसारखे पिवळेधमक, सुईसारखे स्फटिक. तिने अख्खं वर्ष त्यांच्यामागे काढलं होतं. जास्त आच ते घटकाभर सोसत, पण बराच वेळ तशा आचेत ठेवले की करपत. हे तिला कळलं ते दादा रजेवर गेला तेव्हा. डबा नाही म्हणून कोणी तरी ओव्हन नियमाप्रमाणे एकशे दहावर नेला, आणि संध्याकाळी दार उघडलं तर काचेच्या बशीत पिवळ्याच्या जागी तपकिरी राळ. मग डोकं चालवून तिने सगळं पुन्हा केलं, मुद्दाम वेगवेगळ्या आचेवर. ऐंशीच्या वर पदार्थ मरतो. साठावर वजन स्थिर होईस्तोवर ठेवला तर उत्तम टिकतो. म्हणजे तिच्या वर्षभराच्या कष्टांना यश आलं होतं ते निम्मं तिच्या हातांमुळे आणि निम्मं दादाच्या डब्यामुळे.

पेपर लिहायला बसल्यावर तिने प्रायोगिक भागात तेच लिहिलं: 'साठ अंशांना वाळवला. ऐंशीच्या वर विघटन होते.' नियमाप्रमाणे मसुदा आधी दादाने वाचायचा. त्याने वाचला, आणि परत आला तो साठाच्या जागी एकशे दहा होऊन. विघटनाचं वाक्य तर मुळातूनच उपटलेलं.

"दादा, हे काय केलंत?"

"टायपिंगची चूक होती, सुधारली."

"चूक नव्हती. साठच आहे."

"अगं, आपल्या लॅबमध्ये सगळं एकशे दहाला वाळतं."

"काहीही वाळत नाही एकशे दहाला! तुमचा डबा असतो ना आत!"

दादाने दाराकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "हळू बोल, बाई. हे बघ, साठ लिहिलंस तर पहिला प्रश्न येणार, साठ का? लॅबमध्ये ओव्हन एकच. मग माझ्या प्रबंधात एकशे दहा कसं? दर पानावर एकशे दहा आहे माझ्या."

"मग तुम्ही तुमचं सुधारा."

"सुधारतो हं. आणि पुन्हा सगळं वाळवत बसतो. केस पांढरे झाले माझे इथे, ते काळे करायला घेऊ का आता?"

"अहो, पण कोणी आपलं वाचून करायला गेला तर त्याची राळ होईल!"

"कोण करतंय गं वाचून?" दादा मनापासून हसला. "पेपर लिहायला असतात, करायला नसतात."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच जिना चढून मॅडमकडे गेली आणि सगळं सांगितलं, डब्यासकट. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. डब्याचं नाव निघालं तेव्हा त्या इतक्या चकित झाल्या, की त्यांना हे आधीपासून माहीत होतं याविषयी धाकटीला शंका उरली नाही.

"बस," मॅडम म्हणाल्या. "तू खरं लिहितेस, चांगलं आहे. पण एका पेपरात साठ आणि बाकीच्यांत एकशे दहा, हे कसं दिसेल? उद्या लोक म्हणतील, यांचं उत्पादन म्हणजे निम्मं पाणी."

"पण मॅडम, ते आहेच ना—"

"पुढच्या वेळी साठ लिहू. आत्ता एकशे दहा जाऊ दे. जाणकार वाचक असतात ते समजून घेतात." मग जरा थांबून, "त्या संस्थेला तुझ्या जागेबद्दल पत्र मी याच आठवड्यात पाठवतेय. पेपर तोवर गेलेला बरा."

धमकी म्हणावी असं त्यात एक अक्षर नव्हतं. मॅडम सुशिक्षित होत्या.

घरी आल्यावर धाकटीने ताईपुढे सगळं ओकून टाकलं. ताई कांदा चिरत होती. भाऊजी सोफ्यावर, म्हणजे धाकटीच्या अंथरुणावर, पाय पसरून बसले होते.

"इतकंच ना?" ताई म्हणाली. "मग लिही की एकशे दहा. आकडाच आहे. कोणाचा जीव जातोय?"

"ताई, ते खोटं आहे!"

"तू कुठे लावलास गं डबा? ज्याचं पाप त्याच्या माथी."

भाऊजी गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "आमच्याकडे गादी चार इंची असली तर आम्ही सहा सांगतो. पण त्याला आम्ही विज्ञान नाही म्हणत. यांच्यात खोटं बोलायला इतकी वर्षं शिकावं लागतं, हे नव्हतं माहीत."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली. "पोरीला जागा मिळू दे आधी. खरं बोलायला मग आयुष्य पडलंय."

धाकटीने सोफ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने एकशे दहा लिहिलं. स्वतःच्या बोटांनी लिहिलं आणि स्वतःच पेपर पाठवला. हे कोणाच्या नावावर टाकता येणार नाही.

पेपर छापून आला. संस्थेकडून होकार आला, फक्त कागदपत्रांची तपासणी बाकी होती. ताईने शेजारणीला सांगितलं, भाऊजींनी दुकानात सांगितलं. धाकटी खोलीत टेबल कुठे ठेवायचं याचा विचार करू लागली. अशात लॅबमधला फोन वाजला.

"हॅलो, पिवळ्या स्फटिकांचा पेपर लिहिला त्या ताई आहेत का?" आवाज कोवळा, दूरच्या कुठल्याशा विद्यापीठातला.

"मीच. बोला."

"ताई, रागावू नका हं. माझंच काही तरी चुकतंय. तुम्ही लिहिलंय अगदी तस्सं करते मी. गाळेपर्यंत सुंदर पिवळे येतात. वाळवायला ठेवले की सत्यानाश. तपकिरी चिकट काही तरी होतं. सारखं तेच चाललंय. सर म्हणतात, तुझ्या हाताला यश नाही."

समोर दादा उभा होता. त्याने काय ते ओळखलं आणि दोन्ही हातांनी नाही नाही अशी खूण केली.

"तुमचा... तुमचा ओव्हन तपासलात का?" धाकटी म्हणाली.

"तपासला ना. दुसऱ्या विभागातला मागून आणला. थर्मामीटर नवा घेतला. बरोबर एकशे दहा दाखवतो, ताई, तसूभर इकडेतिकडे नाही." मुलगी हे अभिमानाने सांगत होती.

"मी बघते. कळवते तुम्हाला."

"खूप आभार, ताई! तुम्ही नीट बोललात. मला वाटलं होतं, ओरडाल."

धाकटीने फोन ठेवला. शिवी दिली असती तर परवडलं असतं. आभार मानले होते पोरीने. दादा म्हणाला, "छान सांभाळलंस." त्यावर ती जे बोलली ते प्रायोगिक भागात लिहिण्यासारखं नव्हतं.

तिने मॅडमना गाठलं. मॅडम म्हणाल्या, घाई करू नको, त्या मुलीच्या सरांशी मीच बोलते. आणि बोलल्या, धाकटीला आणि दादाला समोर बसवून, फोन मोठ्या आवाजावर ठेवून. पलीकडे ती मुलगी आणि तिचे सर होते. सरांचा आवाज घशात वाळू भरल्यासारखा.

"आमच्याकडे तर उत्तम येतो पदार्थ," मॅडम म्हणाल्या. "तुमची मूळ रसायनं शुद्ध आहेत का, ते बघायला हवं. किंवा धुताना काही राहत असेल. हाताळणीचा भाग असतो, सर. प्रत्येकाला जमतंच असं नाही."

"बघ!" सर त्या मुलीवर गरजले. "मी काय सांगत होतो? अर्धं वर्ष गेलं, महागाची रसायनं गेली! उद्यापासून हे काम दुसऱ्याकडे."

"सर, पण मी खरंच सगळं—"

"खरंच बिरंच काही नाही. त्यांना येतो, तुला येत नाही. संपलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. दादा टेबलाखाली पाय हलवत होता. मॅडम सहानुभूतीने मान हलवत होत्या; फोनवर मान दिसत नाही हे त्यांच्या लक्षात नसावं. आणि धाकटीला जाणवलं, की आत्ता ती गप्प बसली तर हे तिघं मिळून त्या पोरीचा गळा दाबतायत, आणि आपलेही हात त्यात आहेत.

"ओव्हन साठावर होता," ती म्हणाली.

"काय?" पलीकडून वाळू खरखरली. "कोण बोलतंय?"

"जिने पदार्थ केला ती मी. सर, तिचं काहीही चुकलेलं नाही. पेपरात एकशे दहा आहे ते खोटं आहे. साठावर वाळवा. ऐंशीच्या वर तो जळतो. माझाही जळला होता, तसाच तपकिरी."

"धाकटे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग एकशे दहा लिहिलं कोणी?"

खोलीत तिघं होती. दादाने खिडकीकडे पाहिलं, मॅडमनी धाकटीकडे.

"मी लिहिलं," धाकटी म्हणाली.

मॅडमनी सुस्कारा सोडला. इतकं सोयीचं सत्य त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी आणून दिलं नव्हतं.

"पण मला लिहायला लावलं! मी साठच लिहिलं होतं, यांनी—"

"आणि साठावर ओव्हन ठेवतं कोण, हो?" सर मध्येच ओरडले.

"आमच्याकडे त्यात डबा गरम करतात!"

पलीकडे ती मुलगी रडता रडता फिस्सकन हसली, आणि मॅडमनी "आम्ही रीतसर दुरुस्ती पाठवतो, सर" म्हणत फोन बंद केला.

"हे तुला नीट, शांतपणे करता आलं असतं," मॅडम म्हणाल्या.

"मी शांतपणेच आले होते तुमच्याकडे, मॅडम. आधी."

"ते वेगळं."



रीतसर दुरुस्ती गेली. चार ओळींची: 'पहिल्या लेखिकेच्या अनवधानामुळे वाळवण्याचे तापमान चुकीचे नोंदले गेले. ते साठ अंश असे वाचावे.' धाकटीने मसुद्यात 'अनवधान' शब्दाभोवती वर्तुळ काढून समासात 'हे खोटं आहे' असं लिहिलं आणि सही करायला नकार दिला. मॅडम म्हणाल्या, सही नसली तरी चालतं, गाईडची पुरते. बाकीच्या पेपरांतले एकशे दहा तसेच राहिले, कारण त्यांच्याबद्दल कोणी फोन केला नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलं, की वांगं बिचारं एकच पुरतं.

संस्थेने कागदपत्रं तपासली, दुरुस्ती वाचली आणि कळवलं, की नोंदींत अनवधान करणारा उमेदवार त्यांना घेता येणार नाही. धाकटी ते पत्र हातात घेऊन वर गेली.

"अनवधान कोणाचं, मॅडम? तुम्हाला माहीत होतं. दादांना माहीत होतं. माहीत असून बोलले ती मी एकटीच. त्याला अनवधान म्हणतात?"

"मी तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं," मॅडम म्हणाल्या, आणि खोकल्या.

दादाचा प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी त्याच्या उत्पादनाचं खास कौतुक केलं. प्रकरणाचा बोध म्हणून विभागाने ठरवलं, की नवीन मुलांना प्रायोगिक भाग कसा लिहावा हे कोणी तरी अनुभवी माणसाने शिकवावं. अनुभवी माणूस दादाच होता. पहिल्या वर्गाला मॅडमनी धाकटीलाही बसायला सांगितलं. तिलाच त्याची जास्त गरज, असं म्हणाल्या.

"एकच लक्षात ठेवा," दादाने फळ्यावर ओढलेल्या रेघेवर खडू आपटून सांगितलं, "जे केलं तेच लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही."

नवी मुलं ते उतरवून घेऊ लागली. धाकटी उठली, खुर्ची जरुरीपेक्षा जास्त आवाज करून मागे सारली आणि बाहेर पडली. कॉरिडॉरमध्ये उभं राहून तिने त्या दूरच्या मुलीला फोन लावला. पलीकडून आनंदाचा चीत्कार आला: पिवळे आले, ताई, सुयांसारखे! पण काम दुसऱ्याकडे गेलं होतं ते गेलंच होतं. सर म्हणाले, आता कशाला पुन्हा फेरफार. पिवळे स्फटिक तिनेच बनवून त्या दुसऱ्याच्या हातात दिले होते, आणि पुढचा पेपर त्याच्या नावाने निघणार होता.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ताई," ती म्हणाली. "तुम्ही निदान सांगितलंत."

"आधी नाही सांगितलं," धाकटी म्हणाली. "तू पहिल्यांदा फोन केलास ना, तेव्हाच मला माहीत होतं."

त्यावर मुलगी "अच्छा" म्हणाली, आणि फोन ठेवला. या वेळी आभार मानले नाहीत.

तर भरणा असा झाला. आकडा लिहिला तिघांनी मिळून: एकाने बदलला, एकीने चालवून घेतला, एकीने टाईप केला. त्यांतल्या दोघांना झळ लागली नाही. तिसरीची जागा गेली, खोली गेली, आणि एक माणूस आपल्याला ताई म्हणत होतं तेही गेलं. आणि सगळ्यांत जास्त भरलं ते चौथीने, जिने तो आकडा फक्त वाचला होता आणि खरा मानला होता.